बडोद्यात लिहिलेला खेळ

हॉकीची आठ ऑलिंपिक सुवर्णपदके आपल्याला शाळेत पाठ करायला लावली. क्रिकेटचे १९८३ आणि २०११ तर शेंबड्या पोरालाही माहीत. पण १९९० पासून २०१४ पर्यंत ओळीने सात आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक आणणाऱ्या भारताच्या पुरुष कबड्डी संघातली तीन नावे सांगा म्हटले, तर घरातले क्रिकेटवेडे पुरुषसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आणि ज्या नियमांच्या पायावर हा खेळ उभा राहिला, ते नियम आपल्या बडोद्यात छापले गेले, हे बडोद्यात जन्म काढलेल्यांनाही मुद्दाम सांगावे लागते. म्हणून मैत्रिणींनो, आज जरा या खेळाची वही उघडू या. हार-जीत सांगायचीच आहे, पण त्याआधी खेळ कुठून आला आणि कोणाच्या हातातून कोणाकडे गेला, ते बघू या.

कबड्डीला घरोघरी वेगळे नाव होते. महाराष्ट्रात आणि आपल्या गुजरातेत हुतूतू, बंगालात हाडूडू, तमिळनाडूत चेडुगुडु. खेळ तोच. एकाने दम धरून समोरच्यांच्या अंगणात शिरायचे, कोणाला तरी शिवायचे आणि दम सुटायच्या आत परत यायचे. साहित्य शून्य. ना बॅट, ना चेंडू, ना बूट. मैदानावर फक्कीने चार रेघा मारल्या की झाले. ज्या देशात पोराला पाटी-पेन्सिल घेऊन देणे जड जात होते, तिथे हा खेळ का रुजला, ते वेगळे सांगायला नको.

पण रेघा सगळीकडे सारख्या नव्हत्या. एका गावात नऊ जण खेळत, दुसऱ्या गावात जमतील तेवढे. कुठे बाद झालेला खेळाडू परत यायचा, कुठे तो कडेला बसून राहायचा. याच्या तीन तऱ्हा होत्या, आणि त्यांची नावे मला फार आवडतात. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला तर तो कडेला बसतो. पण आपल्यातल्या दुसऱ्याने समोरच्याला बाद केले की पहिला पुन्हा जिवंत होऊन आत येतो. गामिनीत गेला तो गेला, डाव संपेपर्यंत त्याला परत येणे नाही. अमरमध्ये कोणी बाहेरच जात नाही, फक्त गुण मोजायचे. आता एका गावाने संजीवनी खेळायची आणि दुसऱ्याने गामिनी, म्हणजे सामना लागला की खेळापेक्षा भांडणच जास्त व्हायचे.

हे भांडण मिटवायचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मंडळींनी मनावर घेतले. १९१८ मध्ये साताऱ्याच्या काही खेळाडूंनी पहिली चौकट आखली. १९२१ मध्ये महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियम बसवले गेले. मग १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम नीट तपासून, सुधारून छापले, आणि नुसते छापून थांबले नाहीत. त्याच साली त्याच नियमांवर बडोद्यात अखिल भारतीय सामने भरवले. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, खोखोच्या नियमांची पुस्तिकासुद्धा बडोद्यातूनच निघाली. दोन वर्षांत दोन देशी खेळांना आपल्या गावाने लेखी घटना दिली असे म्हणायला हरकत नाही.

हे बडोद्यातच का व्हावे? कारण इथे त्याची तयारी आधीपासून होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तो महाराजा सयाजीराव. १९०६ मध्ये त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही. ग्रंथालये, छापखाने, भाषांतरे यांना राजाश्रय मिळाला. दुसरीकडे जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा १८८० पासूनची. तिथे प्रोफेसर माणिकराव यांनी मल्लखांब, लेझीम, कुस्ती, लाठी हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. हाडवैद्य म्हणून त्यांचे नाव असे की मोडलेला हात घेऊन लांबलांबून माणसे येत. पुढे याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. विचार करा, दहा खंड! ज्या गावात दंड-बैठकांवरही ग्रंथ लिहिण्याची हौस होती, तिथे हुतूतूचे नियम कागदावर यावेत यात नवल नाही.

नियम लिहिणे ही दिसायला कोरडी गोष्ट आहे. पण आपण बायकांनी ती पटकन समजून घ्यावी अशी आहे. आजीच्या हाताची भाजणी आजीबरोबर जाते. ती वहीत उतरवली की सातासमुद्रापलीकडची नातसुनही करते. कदाचित आपल्यापेक्षा चांगली करते. खेळाचे तसेच झाले. जोवर हुतूतू गावागावाच्या सवयीने चालत होता, तोवर तो फक्त त्या गावाचा होता. ज्या दिवशी तो लिहिला गेला, त्या दिवशी तो कोणाचाही होऊ शकत होता. हे पुढे लक्षात ठेवा.

बडोद्यातून निघालेला खेळ कसा फिरला बघा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेली आणि तिथे त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यात कबड्डीही होती. १९३८ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिला जागा मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांचे पहिले राष्ट्रीय सामने झाले आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला स्त्रियांचे. म्हणजे देशातल्या देशात बायका पुरुषांच्या तीनच वर्षे मागे होत्या. हा आकडाही लक्षात ठेवा, कारण देशाबाहेर जाताना हे अंतर तीन वर्षांचे राहिले नाही.

मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावात संध्याकाळी भोंगा झाला की कामगारांची पोरे मैदानात उतरत. रेल्वे, बँका, पोलीस यांनी चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, म्हणून कितीतरी घरांत या खेळाने चूल पेटवली. पहिल्या अर्जुन पुरस्काराचा मान १९७२ मध्ये महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना मिळाला. काही वर्षांनी पुण्याच्या शकुंतला खटावकर यांनी तो मिळवला. या सगळ्यामागे एक माणूस सतत धावत होता, शंकरराव ऊर्फ बुवा साळवी. आपल्या खेळाला देशाबाहेर न्यायचे हा एकच ध्यास. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळतात.

देशाबाहेरचा पहिला मोठा प्रवास शेजारच्या घरापर्यंतचा होता. बांगलादेश नुकताच जन्मला होता आणि तिथे कबड्डी हा राष्ट्रीय खेळ ठरला होता. १९७४ मध्ये भारताचा पुरुष संघ तिथे कसोटी सामने खेळायला गेला. १९७९ मध्ये त्यांनी परतभेट दिली. मधल्या काळात, १९७८ ला, भिलाईत आशियाई महासंघ उभा राहिला. १९८० मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत विजेता, बांगलादेश उपविजेता. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली ती पदकाविना, नुसती दाखवण्यापुरती. पाहुण्यांना वाढलेल्या ताटातल्या चटणीसारखी.

आणि मग १९९० चे बीजिंग. कबड्डी पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून आशियाई स्पर्धेत आली. त्या वर्षी भारताच्या बाकीच्या संघांनी काय केले ते आठवते का? चीनमधून भारत एकूण तेवीस पदके घेऊन परतला, आणि त्यात सुवर्ण फक्त एक. ते एकुलते एक सुवर्ण कबड्डीचे. बांगलादेशाला रौप्य, पाकिस्तानला कांस्य. एवढ्या मोठ्या देशाची लाज त्या वर्षी या मातीतल्या खेळाने राखली. पण त्या संघाच्या मिरवणुका निघाल्याचे, त्यांचे फोटो वह्यांच्या कव्हरवर आल्याचे कोणाला आठवत असेल तर सांगा.

त्यानंतर विजयाची सवयच लागली. १९९४ हिरोशिमा, १९९८ बँकॉक, २००२ बुसान, २००६ दोहा, २०१० ग्वांगझू, २०१४ इंचॉन. प्रत्येक वेळी सुवर्ण. महाराष्ट्राचे अशोक शिंदे, राजू भावसार अशी नावे या काळातली. विश्वचषकही तसाच. २००४ मध्ये मुंबईत भारताने अंतिम सामन्यात इराणला ५५-२७ असे हरवले. २००७ मध्ये पनवेलला पुन्हा इराणच समोर, २९-१९.

आता हे दोन गुणफलक जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. २००४ मध्ये अठ्ठावीस गुणांचे अंतर, २००७ मध्ये दहाचे. आशियाई स्पर्धेतही तेच. २०१० ला ग्वांगझूत अंतिम सामना ३७-२०, आणि २०१४ ला इंचॉनमध्ये २७-२५. दोन गुण! पदकाचा रंग बदलत नव्हता, म्हणून आपले कोणाचे लक्ष नव्हते. पण ज्यांना घरखर्चाची वही ठेवायची सवय आहे तिला हे लगेच कळले असते. शिल्लक आहे खरी, पण दर महिन्याला कमी होतेय.

इराणने हे कसे केले? तिथे आपल्या हुतूतूसारखाच एक जुना खेळ होता, त्याला ते ‘झू’ म्हणत. दम धरायची सवय त्या मातीतही होतीच. कुस्ती तर त्यांच्या रक्तात. १९९६ मध्ये त्यांनी कबड्डीची संघटना उभी केली आणि शांतपणे कामाला लागले. दक्षिण कोरियात तर असे काहीच नव्हते. त्यांनी खेळ कोरा शिकून घेतला, अगदी नियमांच्या पुस्तकातून. आणि मग जुलै २०१४ मध्ये आपल्याकडे प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीची जागा मॅटने घेतली, अंगावर रंगीत जर्सी आल्या, संध्याकाळी घरोघर टीव्हीवर ‘ले पंगा’ सुरू झाले. आमच्या सोसायटीतल्या ज्या बायकांनी कधी मैदान पाहिले नव्हते, त्या ‘सुपर टॅकल’ म्हणजे काय ते पोराबाळांना समजावू लागल्या. या लीगमध्ये परदेशी खेळाडूही घेतले. इराणचा फजल अत्राचली मुंबईच्या संघातून खेळला, पुढे पुण्याच्या संघाकडून खेळला. लोक त्याला प्रेमाने सुलतान म्हणू लागले. कोरियाचा जांग कुन ली बंगालच्या संघाचा लाडका झाला. वर्षातले कित्येक आठवडे हे खेळाडू आपल्या मुलांबरोबर राहिले, त्यांच्याच पंगतीला जेवले, कोण डाव्या कोपऱ्यात कसा उभा राहतो आणि कोणाचा दम कुठे तुटतो हे जवळून बघत राहिले.

त्याचा पहिला झटका आपल्याच गुजरातेत बसला. ऑक्टोबर २०१६ मध्ये विश्वचषक अहमदाबादला होता. बडोद्याहून गाडीने दोन तासांवर. बारा देश आले होते. केनिया, पोलंड, अर्जेंटिना, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जपान... १९२३ च्या त्या पुस्तिकेला हे सांगितले असते तर तिचा विश्वास बसला नसता. उद्घाटनाचाच सामना, घरचे प्रेक्षक, आणि भारत दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. मग मात्र संघ सावरला. उपांत्य सामन्यात थायलंडला ७३-२० असे लोळवले. २२ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराण. मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे. कर्णधार अनुप कुमार शांत. दुसऱ्या डावात हिमाचलच्या अजय ठाकुरने एकामागून एक चढाया केल्या, एकट्याने बारा गुण आणले आणि ३८-२९ असा विश्वचषक घरातच राहिला. सगळीकडे फटाके. कोरियाकडून झालेला पराभव अपघात होता असे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकले.

दोन वर्षांनी तो अपघात नव्हता हे कळले. ऑगस्ट २०१८, जकार्ता. गटात दक्षिण कोरियाने भारताला २३-२४ असे हरवले. आशियाई स्पर्धेत कबड्डीत भारताने गमावलेला हा पहिला सामना. उपांत्य फेरीत इराणने १८-२७ असे हरवले, आणि अठ्ठावीस वर्षे चालत आलेली सुवर्णमाळ तुटली. गळ्यात कांस्य आले. संघात महाराष्ट्राचे गिरीश इरनाक आणि रिशांक देवाडिगा होते. त्या रात्री वाहिन्यांवर जी चर्चा चालली ती ऐकून वाटत होते की आपल्या घरात कोणीतरी चोरी केली. कोणी खेळाडूंना गर्विष्ठ म्हणाले, कोणी महासंघाच्या राजकारणाला दोष दिला. थोडे थोडे सगळेच खरे असेल. पण खेळ आपण वाटला होता. तो घेणाऱ्याने मन लावून शिकला, ही गोष्ट कोणी मोठ्याने म्हणाले नाही.

आणि आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. दुसऱ्याच दिवशी स्त्रियांचा अंतिम सामना होता. भारत विरुद्ध इराण. इराणने २७-२४ असा जिंकला. इराणच्या मुली डोक्याला हिजाब बांधून मैदानभर धावत होत्या, रडत होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक मराठी बाई उभी होती. नाशिकच्या शैलजा जैन. आडनाव वाचून आपल्यापैकी कितीजणींनी वर्तमानपत्र पुन्हा हातात घेतले असेल! शैलजाताई म्हणजे उभे आयुष्य महाराष्ट्रातल्या मुलींना कबड्डी शिकवण्यात घालवलेली प्रशिक्षक. त्यांच्या हाताखालून कितीतरी मुली राष्ट्रीय पातळीवर गेल्या. भारतीय संघाला शिकवावे ही मनातली इच्छा. ती संधी काही आली नाही. इराणने बोलावले. निवृत्तीच्या वयात, परक्या देशात, परक्या भाषेत त्या गेल्या. कामापुरती फारसी शिकल्या, मुलींकडून योगासने आणि प्राणायाम करून घेतला. कबड्डीचा सगळा जीव दमात; तिथे प्राणायामाइतकी चांगली सुरुवात कोणती? आणि दीड वर्षात त्या मुलींनी सुवर्ण आणले.

समोर भारताच्या संघात सायली केरीपाळे आणि सोनाली शिंगटे या मराठी मुली होत्या. म्हणजे त्या दिवशी जकार्ताच्या मॅटवर दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे होते. सामना संपल्यावर शैलजाताईंवर टीका झालीच. स्वतःच्या देशाला हरवले, असे बोलायला लोक कमी करत नाहीत. मला त्या टीकेचे हसू आले. एखादा भारतीय इंजिनिअर परदेशात कंपनी मोठी करतो तेव्हा आपण पेढे वाटतो. एक बाई तेच करते तेव्हा ती घर फोडणारी कशी होते? आणि ती घराबाहेर पडली ती कशामुळे, हा प्रश्न घरातल्यांनी आधी स्वतःला विचारायला नको का?

स्त्रियांच्या कबड्डीचा हिशेब मुळातच वेगळा मांडावा लागतो. देशात त्या पुरुषांच्या तीन वर्षे मागे होत्या, हे वर सांगितले. आशियाई स्पर्धेत पुरुष १९९० ला पोहोचले, स्त्रिया २०१० ला. वीस वर्षे! या वीस वर्षांत ज्या मुली ऐन भरात होत्या, त्यांच्यासाठी पदक नावाची वस्तूच तयार झाली नव्हती. चार-पाच आशियाई स्पर्धांमधल्या मुलींची ही अख्खी पिढी. दार उघडले तेव्हा मात्र त्यांनी वेळ लावला नाही. २०१० मध्ये ग्वांगझूत अंतिम सामन्यात थायलंडला २८-१४ असे हरवून पहिल्याच फटक्यात सुवर्ण. २०१२ मध्ये पाटण्याला स्त्रियांचा पहिला विश्वचषक. अंतिम सामन्यात इराणवर २५-१९. त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के होत्या. २०१४ ला इंचॉनमध्ये पुन्हा सुवर्ण.

खेळाचे मैदानही दोघांचे सारखे नाही, हे माहीत आहे ना? पुरुषांचे तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, स्त्रियांचे बारा बाय आठ. रेघा मारणाऱ्यांनी बायकांना थोडी कमीच जागा दिली. पण लहान अंगणात चढाई करणे सोपे असते असे कोणी समजू नये. पळायला जागा कमी, पकडणारे हात जवळ. तीस सेकंदांत आत जाऊन परत यायचे ते तसेच.

आपल्या बडोद्यापुरते बोलायचे तर मुलींच्या व्यायामाला इथे दार बंद नव्हते. आर्य कन्या महाविद्यालयाच्या मुलींची लाठी-लेझीम बघायला लोक जमत. महाराणी चिमणाबाई पडद्याबाहेर आल्या आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पण राजवाड्यातली आणि संस्थांमधली हवा आमच्यासारख्या पेढीवाल्यांच्या घरांपर्यंत यायला फार वेळ लागला. मी शाळेत होते तेव्हा मैदानाचा तास मुलांचा आणि भरतकामाचा आमचा. गुडघे फुटलेल्या मुलीला स्थळ कसे येणार, ही काळजी आमच्या मोठ्या बायांनाच जास्त. त्यांनी ती प्रेमानेच केली, हेही खरे. आपल्या समाजातल्या मुली पुढे शिकल्या, सीए झाल्या, डॉक्टर झाल्या. पण दम धरून समोरच्याच्या अंगणात घुसण्याचा खेळ आपण त्यांना फारसा शिकवला नाही.

आता शेवटचा सामना सांगते. हांगझूची आशियाई स्पर्धा करोनामुळे एक वर्ष पुढे गेली आणि २०२३ मध्ये झाली. ७ ऑक्टोबरला स्त्रियांचा अंतिम सामना आधी झाला. चिनी तैपेईविरुद्ध २६-२५. एका गुणाने सुवर्ण. भारताचे त्या स्पर्धेतले ते शंभरावे पदक! सगळा देश शंभराचा आकडा मोजत बसला होता आणि तो आकडा पुरा केला कबड्डी खेळणाऱ्या मुलींनी.

त्याच दिवशी पुरुषांचा सामना, समोर इराण. दोन मिनिटेही उरली नव्हती आणि गुणफलक २८-२८. कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. कोणाचाही स्पर्श न होता तो कडेच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याला पकडायला इराणचे खेळाडूही त्याच्या मागोमाग त्या पट्ट्यात शिरले. आता बाद कोण? फक्त पवन, की त्याच्या मागे गेलेले सगळे? जुन्या नियमाने एक उत्तर, नव्या नियमाने दुसरे. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसले. तासभर खेळ थांबला. शेवटी त्या चढाईचे तीन गुण भारताला आणि एक इराणला मिळाला, आणि सामना भारताने ३३-२९ असा जिंकला. संघात आपले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. सुवर्ण परत आले.

टीव्हीसमोर बसून सगळे चिडले होते. मला मात्र राहून राहून १९२३ आठवत होते. बरोबर शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात काही माणसे एकत्र बसली होती ती याचसाठी. कोण बाद आणि कोण जिवंत, याचे उत्तर सगळ्यांसाठी एकच असावे म्हणून. शंभर वर्षांनी तोच प्रश्न चीनमधल्या एका सभागृहात पुन्हा उभा राहिला, आणि भांडणारे दोघेही आपापल्या हक्काने भांडत होते. इराणचे खेळाडू पाहुणे म्हणून भांडत नव्हते. खेळ त्यांचाही झाला होता. हिंद विजय जिमखान्याच्या मंडळींना याहून मोठे यश कोणते हवे होते?

या शतकभरात नियम कितीदा बदलले. गड्यांची संख्या सातवर आली, बोनस रेषा आली, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. पण एक गोष्ट टिकली. खेळाने गामिनी टाकली आणि संजीवनी ठेवली. बाद झालेल्याला कडेला बसवून विसरायचे नाही. आपल्यातल्या एकीने गुण आणला की कडेला बसलेली आत येते. १९९० ते २०१० मध्ये ज्यांच्यासाठी दारच नव्हते त्या मुली आता पन्नाशीच्या आसपास आहेत. कोणी रेल्वेत आहे, कोणी शाळेत पीटी शिकवते, कोणी नातवंडे सांभाळते. त्यांच्या कपाटात राष्ट्रीय सामन्यांची प्रमाणपत्रे, पिवळे पडलेले संघाचे फोटो असतील. पुरुष संघाचे सगळे गुणफलक आज लिहून ठेवलेले सापडतात. या बायांचे सापडत नाहीत.

तेव्हा एवढे करा. तुमच्या ओळखीत, नात्यात, सोसायटीत अशी कोणी बाई असेल तर तिच्याकडे जा, फोटो बाहेर काढायला लावा, मागच्या बाजूला नावे आणि साल लिहून घ्या. बडोद्याने एकदा या खेळाचे नियम लिहिले. खेळणारीची नावे लिहायचे काम अजून बाकी आहे, आणि त्याला जिमखाना लागत नाही. एक वही आणि दुपारचा एक तास पुरतो.